रब्बी ज्वारी: पेरणीआधी जमिनीची खोली मोजा

रब्बी ज्वारी पेरली जाते तेव्हा पाऊस संपत आलेला असतो. उत्तरा आणि हस्त बरसून गेले की पुढच्या साडेतीन-चार महिन्यांत आभाळातून फारसे काही येत नाही. पीक वाढते ते जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर. त्यामुळे सोलापूर, मंगळवेढा, मोहोळ, करमाळा, जामखेड या पट्ट्यात "यंदा पाऊस किती झाला?" या प्रश्नाइतकाच "माझी माती किती खोल आहे?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पावसाचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो. मातीची खोली मात्र फार थोड्यांनी मोजलेली असते, आणि वाण, खत, ताटांची (उभ्या झाडांची) संख्या, पाणी हे सगळे निर्णय तिच्यावरच बेतायचे असतात.

काळ्या जमिनीत एक मीटर खोलीत पिकाला उचलता येईल असे पाणी साधारण १५० ते २०० मिमी मावते. मधला १७० हा आकडा धरला तर ३० सेंमी मातीत जेमतेम ५० मिमी, ६० सेंमीत १०० मिमी आणि ९० सेंमीत १५० मिमी पाणी बसते. त्यातही वरच्या १५ सेंमीतली ओल बरीचशी उन्हातच जाते, म्हणजे उथळ जमिनीची खरी शिल्लक याहूनही कमी. दोन शेतांवर एकसारखा पाऊस पडला तरी एकाच्या हंड्यात तिप्पट पाणी राहते आणि दुसऱ्याचा हंडा भरून वाहून जातो. मंगळवेढ्याची ज्वारी कोरडवाहू असूनही का पिकते, याचे उत्तर तिथल्या काळ्याभोर मातीच्या जाड थरात आहे.

खोली मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. उन्हाळ्यात एकरी पाच-सहा ठिकाणी, बांधापासून आत सरकून, पहारीने खड्डे घ्या. काळी माती संपून मुरूम किंवा चुनखडीचा थर लागतो ती खोली टेपने मोजून शेताच्या कच्च्या नकाशावर लिहा. एकाच गटात वरच्या अंगाला एक वीत आणि ओढ्याकडे चार फूट माती निघणे नेहमीचेच आहे. अशा शेताचे दोन तुकडे मानायचे आणि दोन्हीकडे वेगळा वाण पेरायचा. सरासरी काढून संपूर्ण शेतात एकच वाण टाकला की वरचा भाग करपतो आणि खालच्या भागातले पाणी न वापरता राहते.

दुसरे साधन म्हणजे १२ मिमी जाडीचा, सव्वा मीटर लांबीचा लोखंडी गज. एक टोक निमुळते पण बोथट ठेवा, दुसऱ्या टोकाला आडवी मूठ वेल्ड करा आणि दर १५ सेंमीवर करवतीने खूण पाडा. मोठा पाऊस होऊन तीन-चार दिवसांनी हा गज अंगाच्या भाराने दाबायचा. ओल्या काळ्या मातीत तो सरळ उतरतो आणि कोरड्या थराला टेकला की थांबतो. थांबला ती ओलीची खोली. दगडाला लागला तर हाताला टणक ठोका जाणवतो, अशा वेळी वीतभर बाजूला पुन्हा टोचून बघा. वरची आणि खालची ओल जुळली का, हे या गजाने पाच मिनिटांत कळते. मध्ये कोरडा पट्टा राहिला असेल तर वर वाफसा (पेरणीजोगी ओल) छान दिसतो, उगवणही होते, पण मुळे त्या पट्ट्यापाशी अडतात आणि पीक महिन्या-दीड महिन्यात माना टाकते. ज्वारीची मुळे कोरडी माती भेदून खालच्या ओलीपर्यंत जात नाहीत.

पाणी जिरवणे पेरणीच्या आधीचे काम

कोरडवाहू शेतीचा अभ्यास आपल्याकडे १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला सुरू झाला आणि १९३३ मध्ये सोलापूरला त्यासाठी संशोधन केंद्र उभे राहिले. तेव्हापासून आजवर सूत्र एकच आहे: खरिपात पडीक ठेवलेल्या रानात पाऊस जागच्या जागी मुरवा. अडचण काळ्या मातीच्या स्वभावात आहे. कोरडी असताना भेगांतून ती पाणी गटागटा पिते. एकदा फुगून भेगा मिटल्या की पाणी फार सावकाश आत घेते. सप्टेंबरातला जोराचा पाऊस नेमका मिटलेल्या जमिनीवर पडतो आणि सरळ ओढ्याला लागतो. एका एकरावर २५ मिमी पाऊस म्हणजे सुमारे १ लाख लिटर पाणी. दोन सरी वाहून गेल्या की ज्वारीचे एक पूर्ण पाणी गेले.

त्यावर उपाय वाफे बांधण्याचा, ज्याला बंदिस्त वाफे किंवा कप्पे म्हणतात. जून-जुलैत, पहिल्या पावसाने जमीन मऊ झाली की सारायंत्राने आडव्या-उभ्या सऱ्या (मातीचे छोटे बांध) ओढायच्या. उतार एक टक्क्याच्या आत असेल तर १० बाय १० मीटरचे वाफे चालतात, जास्त असेल तर ६ बाय ६ मीटरचे. सऱ्यांची उंची पाऊण ते एक फूट हवी, कारण पावसाने त्या बसतात.

काम बिघडते ते सऱ्या एकमेकींना छेदतात त्या कोपऱ्यांवर. एका दिशेच्या सऱ्या आधी ओढून मग त्यांच्यावरून दुसऱ्या दिशेच्या सऱ्या ओढल्या की पहिल्या सऱ्या छेदाच्या जागी फुटतात आणि प्रत्येक कोपऱ्यात फटी राहतात. फावड्याने त्या फटी बुजवल्या नाहीत तर वाफे नावालाच उरतात. वरच्या वाफ्यातले पाणी खालच्यात, खालचे त्याच्या खालच्यात, असे करत शेवटची सरी फुटते आणि एकदम मोठा लोट माती घेऊन जातो. एकरी एक माणूस एक दिवस लावून कोपरे बंद करून घेणे हाच या कामाचा जीव आहे. म्हणूनच उताराला आडव्या सऱ्या शेवटी ओढाव्यात, म्हणजे निदान त्या अखंड राहतात. फार खोल, पाणथळ काळ्या रानात सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वाफ्यांची खालची तोंडे उघडावीत, नाहीतर वाफसा यायला उशीर होऊन पेरणी लांबते.

या काळात रान उघडे असते, म्हणून तण माजते. एक पाऊस, एक उगवण आणि त्यावर वखराची एक पाळी, असे दोन-तीन वेळा करायचे. वाफ्यांच्या आत वखर फिरवणे कटकटीचे आहे, तरी हातभर वाढलेले तण पाणीही तेवढेच पिते. मुरवलेली ओल तणाला पाजायची असेल तर वाफे बांधण्याचा खर्च कशाला?

खोलीप्रमाणे वाण

मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडून काढला गेला, १९३० च्या दशकात. आजही तो पेरला जातो. कारण भाकरी आणि कडबा. टपोरा, मोत्यासारखा चमकदार दाणा, गोडसर चव आणि जनावर आवडीने खाईल असा कडबा, हे तिन्ही एकत्र देणारे संकरित वाण रब्बीत रुजवणे अवघड गेले. खरिपात १९६४ च्या सीएसएच-१ पासून संकरित ज्वारीने रान व्यापले, रब्बीत तसे झाले नाही. जास्त उत्पादनाची क्षमता असलेल्या वाणाला ती दाखवायला पाणी लागते. साठ्यावर जगणाऱ्या पिकात ते मिळत नाही, आणि बाजारात दाण्याचे रूप पडले की क्विंटलमागे भाव पडतो.

पण मालदांडी सगळ्या जमिनींचा वाण नाही, आणि इथेच सवयीने चूक होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खोलीनुसार वेगळे वाण दिले ते याच कारणाने. एक फुटापर्यंतच्या हलक्या रानात फुले अनुराधा. तो १०५ ते ११० दिवसांत येतो, म्हणजे साठा संपायच्या आत दाणा भरून मोकळा होतो. फुले माउली हलक्या ते मध्यम जमिनीत चालतो. दोन फुटांपर्यंतच्या मध्यम रानात फुले सुचित्रा, परभणी मोती आणि मालदांडी ३५-१. त्याहून खोल जमिनीत फुले वसुधा, फुले यशोदा, सीएसव्ही २२. पाण्याची खात्री असलेल्या भारी रानात फुले रेवती. हुरड्यासाठी फुले उत्तरा किंवा फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी, हे वेगळे विषय.

हलक्या रानात उशिरा येणारा वाण टाकला तर कडबा उंच दिसतो, कणीसही निसवते (बाहेर पडते), पण दाणा भरायच्या वेळी हंडा रिकामा असतो. उलट खोल रानात लवकर येणारा वाण टाकला तर खालच्या थरातले पाणी तसेच पडून राहते. दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती दरवर्षी होते.

आजचे पीकसुधारणेचे कामही याच मुद्द्याभोवती आहे. पाण्याचा ताण असतानाही पाने हिरवी ठेवणारा गुण ज्वारीच्या काही वाणांत आहे. पटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत या गुणाचे गुणसूत्रांवरचे भाग शोधून ते आपल्याकडच्या रब्बी वाणांत आणण्याचे प्रयत्न झाले. हा गुण पाणी निर्माण करत नाही. अशा झाडांना फुटवे कमी येतात आणि फुलोऱ्यापूर्वी पानांचा पसारा लहान राहतो. तेव्हा वाचलेले पाणी दाणा भरताना उपयोगी पडते. शेतकऱ्याने हातातल्या वाणात हेच विरळणीने साधायचे असते.

पेरणी, ताटे आणि खत

पेरणीचा काळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. हलके रान आधी, भारी रान नंतर. लवकर घाई केली किंवा वेळ चुकवली की खोडमाशी पोंगे (मधले कोंब) मारते, आणि उशीर झाला की ओलीचा प्रत्येक दिवस वाया जातो. खोडमाशीची अळी कोंबात शिरून पोंगा कुरतडते. पोंगा ओढला की सहज हातात येतो आणि त्याला कुजका वास असतो. फटका उगवणीपासून पहिल्या चार आठवड्यांत बसतो, म्हणून फवारणीपेक्षा बियाण्यालाच संरक्षण देणे शहाणपणाचे. किलोला ३०० मेश गंधक ४ ग्रॅम (काणी रोगासाठी), त्यावर थायमेथोक्झाम ३० एफएस हे कीटकनाशक १० मिली थोड्या पाण्यात मिसळून चोळायचे, सावलीत सुकवायचे आणि पेरणीच्या अगदी आधी ॲझोटोबॅक्टर व स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी २५ ग्रॅम लावायचे. क्रम उलटा केला तर जिवाणू औषधानेच मरतात. हातमोजे घाला, आणि उरलेले बियाणे जनावरांना किंवा कोंबड्यांना टाकू नका.

बियाणे एकरी ४ किलो. टपोऱ्या दाण्याच्या हजार दाण्यांचे वजन ३५ ग्रॅमच्या आसपास धरले तर ४ किलोत एक लाख चौदा हजारांच्या जवळपास दाणे असतात. दीड फुटी पाभर (पेरणीचे अवजार) आणि १५ सेंमी अंतर धरले तर एकरी ताटे लागतात सुमारे ५९ हजार. म्हणजे अर्धे दाणे उगवण चुकेल या धास्तीने टाकलेले असतात. उगवण चांगली झाली की हे जास्तीचे ताट काढून टाकणे भाग आहे, आणि नेमके तेच जिवावर येते. १० ते १२ दिवसांत विरळणी करा. तपासायचे असेल तर एका ओळीत १० मीटर दोरी टाका आणि रोपे मोजा: ६५-६७ असावीत. शंभर भरली तर त्या ओळीतली दर तिसरी रोपटी बाकीच्यांचे पाणी पीत आहे. फुटभर मातीत तर ६७ पेक्षाही कमी ठेवलेली बरी.

खतही खोलीप्रमाणेच द्यायचे. कोरडवाहू हलक्या रानात हेक्टरी २५ किलो नत्र पुरते. मध्यम जमिनीत ४० नत्र आणि २० स्फुरद, भारी जमिनीत ६० आणि ३०. एकरात सांगायचे तर हलक्या रानाला २२ किलो युरिया, मध्यमला ३५ किलो युरिया व ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, भारी रानाला ५२ किलो युरिया व ७५ किलो सुपर फॉस्फेट. हे सगळे पेरणीबरोबरच, दोन चाड्यांच्या पाभरीने, बियाण्याच्या खाली ओलीत पडले पाहिजे. महिन्याने वरून फेकलेला युरिया कोरड्या धुळीत पडून राहतो. मुळे खाली ओलीत असतात, खत वर, दोघांची गाठ पडत नाही. बियाणे ५ ते ७ सेंमीवर, ओल्या मातीला टेकलेले असावे.

कोळपणी

"एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी" असे म्हणतात, आणि काळ्या रानापुरते ते पटण्यासारखे आहे. काळी माती सुकताना आकसते आणि भेगाळते. भेग पडली की उन्हाला आणि वाऱ्याला फक्त वरचा पृष्ठभाग मिळत नाही, तर फूट-दोन फूट खोल भेगेच्या दोन्ही भिंती मिळतात. ज्या खालच्या ओलीवर दाणा भरायचा, ती त्या भिंतींतून उडून जाते. कोळप्याने वरची माती सैल होऊन भेगेत पडते, भेग बुजते आणि वर भुसभुशीत पांघरूण तयार होते.

म्हणून तीन कोळपण्या, आणि तिन्हींना अवजार वेगळे. पहिली तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, कारण रोपे लहान असतात आणि पाशीने (आडव्या पात्याने) ती मातीखाली दबतात. दुसरी पाचव्या आठवड्यात अखंड पाशीच्या कोळप्याने. तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने, कारण तोवर जमीन इतकी आवळलेली असते की पास वरूनच घसरते, दात मात्र घुसतात. खोली दीड-दोन इंचांच्या आत ठेवा, खोल गेले की वरची मुळे तुटतात. ओलसर रानात कोळपे घातले तर ढेकळे निघतात आणि ढेकळांच्या फटीतून ओल आणखी वेगाने जाते.

प्रत्यक्षात सुटते ती तिसरी कोळपणी. पीक कमरेच्या वर गेलेले असते, ट्रॅक्टर त्यात जात नाही, आणि बैलजोड्या गावोगाव कमी झाल्या आहेत. भेगा मात्र याच वेळी सर्वांत रुंद असतात. बैल मिळाले तर मुसकी बांधून ओळीतून काढावेत. नाही मिळाले तर सायकल कोळप्याने निदान हलक्या तुकड्यात तरी ही पाळी करावी. पहिल्या दोन कोळपण्यांत तण आवरते. तिसरी पूर्णपणे पाण्यासाठी आहे, आणि "आता तण नाही" या कारणाने ती टाळणे हा मोठा तोटा.

तणाबद्दल दोन गोष्टी. कुंदा आणि हरळी कोळप्याने मरत नाहीत, उलट तुकडे होऊन पसरतात. उन्हाळ्यात खोल नांगरट करून काश्या (जमिनीतली खोडे-मुळे) वेचून जाळणे हाच खात्रीचा मार्ग. टारफुला हे परजीवी तण ज्वारीच्या मुळांवर जगते आणि जमिनीबाहेर दिसते तोवर त्याने नुकसान केलेले असते. तरीही फुलावर येण्याआधी उपटा, कारण त्याचे धुळीसारखे बी वर्षानुवर्षे जमिनीत जिवंत राहते. कमी नत्राच्या रानात ते जास्त बळावते. ॲट्राझिन या तणनाशकाची ५० टक्के भुकटी एकरी ४०० ग्रॅम, २०० लिटर पाण्यातून, उगवणीपूर्वी वापरता येते, पण पृष्ठभाग ओला असेल तरच ते काम करते. रब्बीत पेरणीनंतर वरची माती दोन दिवसांत सुकते, म्हणून बरेचदा पैसे वाया जातात. ज्वारीत हरभरा किंवा करडई आंतरपीक असेल तर ॲट्राझिनला हातही लावू नये.

एकच पाणी असेल तर

विहिरीत किंवा शेततळ्यात एकाच पाण्याची सोय असेल तर ते पीक पोटरीत (कणीस अजून पानाच्या आवरणात) असताना, ५० ते ५५ दिवसांनी द्यावे. दोन असतील तर पहिले २८ ते ३० दिवसांनी, जोमदार वाढीच्या वेळी. हलक्या रानात पीक ३० दिवसांतच सुकू लागले तर पोटरीची वाट पाहू नका, कारण तोवर कणसाचा आकार ठरून गेलेला असतो. २० बाय २० मीटर तोंडाचे, ३ मीटर खोल आणि १:१ बाजूउताराचे शेततळे साधारण पावणेनऊ लाख लिटरचे असते. एकरी ५० मिमी म्हणजे २ लाख लिटर. बाष्पीभवन आणि पाझर वजा जाता तीन एकरांचे एक पाणी त्यातून धरावे. पाण्याआधी कोळपणी झालेली हवी, नाहीतर पाणी भेगेतून थेट मुरमात उतरते आणि शेतात पुढे सरकत नाही. तुषार संच असेल तर उत्तम.

पाणी कमी पडून दाणे भरताना ताण बसला, त्यात जमीन तापली, ताटे दाट असली आणि नत्र जास्त झाले, की खडखड्या हा रोग येतो. बुडखा आतून पोकळ होतो, चिरल्यावर आतल्या धाग्यांवर काळे ठिपके दिसतात आणि पीक लोळते. यावर फवारणी उपयोगाची नाही. पाचव्या आठवड्यापर्यंत दोन ओळींत हेक्टरी ५ टन भुसकट, तुरीच्या काट्या किंवा उसाचे पाचट पसरले तर जमीन थंड राहते. एवढे आच्छादन चाऱ्याच्या टंचाईत मिळत नाही, हे खरे. ऊसपट्ट्याजवळच्या गावांनी पाचटाचा विचार जरूर करावा. नसेल तर निदान विरळणी आणि तिसरी कोळपणी सोडू नये.

दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला की पीक पक्व झाले. कापणी झाल्यावर, रान नांगरायच्या आधी, जिथे उन्हाळ्यात खोली मोजली होती तिथेच पुन्हा पहार घाला. माती तळापर्यंत कोरडी ठणठणीत आणि कणसे भरलेली असतील तर वाण आणि ताटे जमिनीला बरोबर बसली. तळ कोरडा पण दाणा बारीक, सुरकुतलेला असेल तर पुढच्या वर्षी ताटे कमी करा किंवा लवकर येणारा वाण घ्या. आणि दोन फुटांखालची माती मुठीत दाबल्यावर अजून गोळा होत असेल, तर त्या तुकड्यात ११० दिवसांचा वाण पेरून पाणी जमिनीतच सोडले आहे. तिथे पुढच्या हंगामाला वसुधा किंवा यशोदा पेरा.